पाचारण आलंय असं वाटतंय, नोकरी आत्ताच सोडू का?

जय ख्रिस्त भावा. तुझं म्हणणं मला जे समजलं ते आधी मांडतो. वय २७, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहेस, घरात आई आणि शिकणारी बहीण, वडील नाहीत. वर्षभर मनात सारखं येतंय की देव पूर्णवेळ सेवेला बोलावतोय. त्यात गेल्या महिन्यात एका मीटिंगला बाहेरून आलेल्या सेवकांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देव म्हणतोय जाळी सोडून ये, आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय. राजीनामा लिहून तयार आहे, आई रडतीय, आणि तुमच्या पाळकसाहेबांना तू यातलं अजून काहीच सांगितलेलं नाहीस. तुझा प्रश्न असा की हे खरं पाचारण आहे का, आणि असेल तर आत्ता नोकरी न सोडणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं होईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तो तुला जास्त छळतोय. नाही, होणार नाही. राजीनामा आत्ता देऊ नको. मी हे तुझ्या पाचारणावर शंका घेऊन म्हणत नाही, उलट ते खरं असण्याची शक्यता मला बरीच वाटते, वर्षभर टिकलंय, आणि तू ते कुणाला मिरवत फिरला नाहीस. पण या भागात बरीच वर्षं पाळकाचं काम करताना अशी कितीतरी पोरं माझ्यासमोर येऊन बसलीत, आणि त्यातली जी पुढं टिकली ती जवळजवळ सगळी अशी की ज्यांनी आपलं पाचारण आधी मंडळीपुढं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांपुढं ठेवलं, मंडळीनं ते पारखलं, आणि मग मंडळीनंच त्यांना पाठवलं. एकट्यानं रात्रीत ठरवून सकाळी बॅग उचलणारे फार थोडे टिकले.

शमुवेलाची गोष्ट तुला पाठ असणार, संडे स्कूलपासून ऐकतोय आपण. पण १ शमुवेल ३ परत एकदा सावकाश वाच. पहिल्याच वचनात काय लिहिलंय तर तो मुलगा एली याजकाच्या देखरेखीखाली परमेश्वराची सेवा करत होता. म्हणजे हाक यायच्या आधीच तो कामाला लागलेला होता, दिवा, दारं, झाडलोट जे काय असेल ते. मग हाक आली तर त्याला ती ओळखता आली नाही, तीनदा उठून एलीकडं पळाला, तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात आलं की परमेश्वर बोलावतोय. आता एली काय आदर्श माणूस नव्हता, स्वतःच्या पोरांना आवरू शकला नाही, पण तरी देवानं शमुवेलाला त्याच्याकडंच जाऊ दिलं आणि "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे उत्तर त्याच म्हाताऱ्यानं त्याला शिकवलं. तू म्हणशील आमचे पाळकसाहेब जुन्या वळणाचे आहेत, त्यांना असलं काही पटत नाही. असू देत. एलीपेक्षा तर बरेच असतील. त्यांच्याकडं जा.

आणि त्याच अध्यायात १५ वं वचन बघ. एवढा मोठा दृष्टान्त झाला, देव स्वतः येऊन बोलला, आणि सकाळी उठून शमुवेलानं पहिलं काय केलं तर परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. रोजचं काम. मला हे वचन फार महत्त्वाचं वाटतं आणि सेवेचं मनात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाचायला लावतो, कारण पाचारण आलं की रोजचं काम हलकं वाटायला लागतं, आणि तिथंच माणूस घसरतो.

आता त्या बाहेरून आलेल्या सेवकांबद्दल. त्यांनी जे सांगितलं ते खोटं असं मी म्हणणार नाही, मी तिथं नव्हतो. देव अशा रीतीनं बोलतो यावर माझा विश्वास आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून आलेला शब्द तुझ्या मनात देवानं आधीच घातलेल्या गोष्टीला दुजोरा देऊ शकतो, तुझा निर्णय तो घेऊ शकत नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेला, तुझ्या बहिणीची फी त्याला माहीत नाही, तुझा राग त्यानं बघितलेला नाही, तू सलग दोन वर्षं एखादी जबाबदारी पाळतोस का हे त्याला कुठनं कळणार? हे ज्यांना कळतं ती तुझी मंडळी. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये बघ, बर्णबा आणि शौल यांच्याबद्दल पवित्र आत्मा बोलला ते अंत्युखियाची मंडळी उपास आणि उपासना करत असताना, आणि मंडळीनं परत उपास, प्रार्थना करून, हात ठेवून त्यांना रवाना केलं. आणि हा शौल, म्हणजे पुढचा पौल, कोण, तर ज्याला दिमिष्काच्या वाटेवर खुद्द प्रभूनं हाक मारली होती! त्याच्याएवढं स्पष्ट पाचारण तुझंमाझं असणार नाही. तरी मधली काही वर्षं तो अरबस्तान, दिमिष्क, तार्स असा बाजूला होता, गलतीकरांच्या पत्रात तो स्वतःच ३ वर्षांचा हिशोब देतो, आणि पुढं बर्णबा त्याला शोधत तार्सला गेला आणि अंत्युखियाला घेऊन आला. तिथं दोघांनी वर्षभर शिकवलं. मग पाठवणी.

जाळ्याचं म्हणशील तर मार्कचा पहिला अध्यायच उघड. याकोब आणि योहान बापाला सोडून निघाले हे खरं, पण मार्क मुद्दाम लिहितो की जब्दीला तारवात मजुरांबरोबर सोडून गेले. धंदा चालू होता, म्हातारा उघड्यावर पडला नव्हता. आणि पेत्रानं जाळी सोडली त्याच अध्यायात पुढं प्रभू त्याच्या घरी गेलाय, त्याची सासू तापानं पडलेली, तिला हाताला धरून उठवलंय. शिष्य केलं म्हणून घर वाऱ्यावर सोडायला लावलं असं तिथं दिसत नाही. वधस्तंभावर जीव जात असताना प्रभूनं आईची सोय लावली, योहानाच्या हवाली केलं. आणि पौल तीमथ्याला पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात इतकं कडक लिहितो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. तेव्हा आईचं रडणं म्हणजे सैतानाचा अडथळा असं जर कुणी तुला सांगत असेल तर ते कान देऊन ऐकू नको, ते साफ चुकीचं आहे.

यावर तू लूक ९ काढणार मला माहिताय, आधी मला माझ्या बापाला पुरू दे म्हणणारा माणूस आणि नांगराला हात घालून मागं बघणारा. बरोबर आहे, तेही वचनच आहे आणि मी ते सौम्य करून सांगणार नाही. त्या माणसांचं "आधी" हे कधी संपणारं नव्हतं. म्हणून तुझ्या "आधी"ला तारीख लाव. बहिणीचं शिक्षण कधी संपतंय, कर्ज कधी फिटतंय, ते कागदावर लिही, आणि त्या तारखेला परत नवीन "आधी" काढायचा नाही. तारीख असेल तर ती तयारी, नसेल तर टाळाटाळ.

आईबद्दल अजून थोडं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण देतो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईत. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षं त्या बाईनं काय सोसलं, नवरा एकीकडं, त्या एकीकडं, नातेवाईकांत राहून, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुढं दोघांनी मिळून जी सेवा केली ती मोठीच, पण मी तरुणांना नेहमी सांगतो की टिळकांची भक्ती घ्या, घरच्यांना अंधारात ठेवून पाऊल टाकायची पद्धत मात्र घेऊ नका. शिवाय टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला म्हणून बरेच जण त्यांचा दाखला देतात, पण ते १९१७ साल होतं. त्याआधी २० एक वर्षं ते अहमदनगरला मिशनच्या शिस्तीत शिकवत होते, लिहीत होते, ज्ञानोदय या मिशनच्या नियतकालिकाचं काम बघत होते. त्या एवढ्या वर्षांच्या पोटी तो निर्णय आला.

आता हे पाचारण नक्की कशाचं, ते बघू. तू लिहिलंयस की तुला वचन सांगायची फार ओढ आहे, युवक संघात दोनदा संदेश दिलास आणि लोकांच्या डोळ्यात पाणी आलं. चांगलंय. पण पाळकाच्या आठवड्यात व्यासपीठावरचा वेळ तासा-दोन तासांचा. बाकीचा आठवडा सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, पोलीस स्टेशनात, दोन भावांच्या वाटणीच्या भांडणात, दारू पिणाऱ्याच्या बायकोसमोर, आणि मातीला जाण्यात जातो.

एक बघितलेलं सांगतो. जुलैचा महिना, कोल्हापूरचा पाऊस तुला माहिताय, आणि एका वयस्कर बहिणीची माती होती. खड्डा सकाळी खणून ठेवलेला, दुपारी पेटी घेऊन पोचलो तर निम्मा पाण्यानं भरलेला. मुलं, जावई सगळे काठावर उभे, कुणाला सुचेना, प्रार्थना लांबवायची तरी किती. तेवढ्यात आमच्यातला एक पोरगा, कधी माईकसमोर न आलेला, चपला काढून खाली उतरला आणि बादलीनं पाणी उपसायला लागला. वरून चिखल अंगावर येतोय, हा भरून वर देतोय, वरचा माणूस ओततोय, आणि बराच वेळ तसंच चाललं. वर आला तेव्हा गुडघ्याच्या वरपर्यंत लाल चिखल, तसाच मागं जाऊन गीताला उभा राहिला. नंतर आठवडाभर त्या घरी संध्याकाळी जाऊन बसायचा, फार बोलायचा नाही. त्या पोराला मी स्वतःहून बोलावून विचारलं की देव तुला सेवेला बोलावतोय असं कधी वाटलंय का. तर म्हणाला, दोन वर्षं वाटतंय पण मला बोलता येत नाही म्हणून गप्प होतो. आज तो पाळक आहे, संदेश अजून साधाच देतो, आणि लोक अडचणीत पहिला फोन त्यालाच करतात.

म्हणून तुला माझं सांगणं असं की येत्या वर्षभरात संदेश द्यायची संधी मागू नको, दिली तर घे. त्याऐवजी पाळकसाहेबांना म्हण, आजाऱ्यांच्या भेटीला जाताना मला बरोबर न्या. शिफ्ट संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी. संडे स्कूलचा सगळ्यात दंगेखोर वर्ग घे. २०१९ च्या पुरात आपल्याकडं चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका पाण्याखाली गेला तेव्हा सेवा म्हणजे काय हे बऱ्याच जणांना कळलं, पोती उचलणं, घराघरातला गाळ काढणं, जात-धर्म न विचारता. असल्या कामात तुझं मन रमतंय का, कंटाळा आला तरी तू परत जातोस का, कुणी आभार मानले नाहीत तर रात्री चिडचिड होते का, हे बघ. प्रामाणिकपणे डायरीत लिही. वर्षानंतर ओढ वाढलेली असेल तर पुढचं पाऊल टाक. आणि ओढ फक्त माईकचीच निघाली तर तेही देवापुढं ठेव, त्यात लाज काही नाही, बरं झालं आधी कळलं असं समज.

आणखी एक, पूर्णवेळ सेवा म्हणजे पाळकच व्हायला पाहिजे असं आपल्या डोक्यात कुणी घातलंय मला कळत नाही. आपल्या शेजारी मिरजेत बघ की. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली आले, आधी सांगलीत दवाखाना काढला, मग मिरजेत १८९४ ला हॉस्पिटल उभं केलं, आणि जवळपास ४० वर्षं तो माणूस इथं राबला. पाचारण त्यांचंही होतंच की, हातात शस्त्रं ऑपरेशनची होती एवढंच. पंडिता रमाबाईंना १८९६ च्या दुष्काळात हाक आली ती मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची. त्या स्वतः जाऊन मुली घेऊन आल्या, केडगावात मुक्ती मिशन वाढलं, आणि त्याच बाई पुढं मूळ हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. तुझ्या फौंड्रीत बिहार, ओडिशातनं आलेली पोरं असतील, घरापासून लांब, आजारी पडली तर विचारणारं कुणी नाही. कदाचित देव तुला त्यांच्याकडंच पाठवत असेल. मी तसंच आहे असं म्हणत नाही, पण या शक्यतेवर तू प्रार्थना केली आहेस का?

आपलं कोल्हापूर या बाबतीत साधं गाव नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले, त्यांचं नाव आपल्या चर्चला आहे ते सगळ्यांना माहीत. पण त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच कोल्हापुरात १८६३ साली जन्मला हे आपल्याच तरुणांना माहीत नसतं. तोच रॉबर्ट पुढं अमेरिकेत शिकायला असताना, १८८६ साली माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात १०० तरुणांनी परदेशात सेवेला जायची तयारी दाखवली त्याच्या मुळाशी होता, आणि त्यातनं जी स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी राहिली तिनं हजारो माणसं जगभर पाठवली. पण त्या शिबिराच्या आधी काय होतं, तर प्रिन्स्टनला घरात जमणारी थोड्या विद्यार्थ्यांची मीटिंग आणि शेजारच्या खोलीत प्रार्थना करणारी त्याची बहीण ग्रेस. ती स्वतःही नंतर परत भारतात येऊन सेवेत राहिली. तुझ्यासाठी अशी प्रार्थना करणारं कोण आहे? दोन माणसं निवड, एक वयानं मोठं आणि एक तुझ्या बरोबरीचं, जे तुला तोंडावर नाही म्हणू शकतील असे, आणि त्यांना सगळं सांग, राजीनाम्याचं पण.

पैशाचं बोलतो, कारण याबद्दल पाळक लोक मोकळं बोलत नाहीत आणि मग नवीन पोरांचे हाल होतात. लहान मंडळी, खेड्यातली तर विशेष, पाळकाला तुझ्या आत्ताच्या पगाराएवढं देऊ शकत नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारी घरं थोडी, सुगीत अर्पण बरं येतं, पावसाळ्यात हात आखडता. काही ठिकाणी राहायला घर मिळतं, काही ठिकाणी नाही. म्हणून बाईकचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, हातउसने, जे काय असेल ते फेडल्याशिवाय सेमिनरीत, म्हणजे पाळकाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, पाऊल टाकू नको. पीएफ मोडायचा नाही. लूक १४ मध्ये बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशोब करावा असं प्रभूच म्हणालाय. आणि नोकरी करत सेवा करणं कमी दर्जाचं समजू नको, पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. लग्नाचं बघत असतील तर तिथंही स्पष्ट सांगायचं. बायोडाटात खाजगी नोकरी लिहायचं आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी पोरीला सांगायचं की मी सेमिनरीला चाललोय, हे फसवणुकीत जमा होतं. तिचंही आयुष्य त्यात जाणार आहे, तिलाही देवाला विचारू दे.

शिक्षण मात्र घ्यायचंच. "पवित्र आत्मा शिकवतो, सेमिनरी कशाला" हे वाक्य तुला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळेल. पवित्र आत्मा शिकवतो हे खरं, पण पौलानंही गमलिएलाच्या पायाशी बसून शिकलेलं वाया गेलं नाही. आपल्याला जवळ म्हणजे पुणं. तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ ला पुण्यात आली. तू ग्रॅज्युएट आहेस म्हणजे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) चा विचार करायचा, बारावीनंतरच्यांना बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) असतं. ईश्वरविद्येच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर विद्यापीठाची मान्यता असलेल्या ठिकाणीच शक्यतो जा, आणि ज्या मंडळीत पुढं सेवा करायची त्यांना ते शिक्षण चालतंय का हे आधी विचारून घे, नाहीतर वर्षं घालवून परत दारात उभं राहायची वेळ येते. मोठ्या मंडळ्यांत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) धरून, पाळकाची आणि कमिटीची शिफारस लागते, मुलाखत होते, शिक्षणानंतरही लगेच दीक्षा मिळत नाही, काही काळ हाताखाली काम करावं लागतं, आधी डीकन (मदतनीस सेवक) मग प्रिस्बिटर (पूर्ण पाळक). तुला हे सरकारी कारभारासारखं वाटेल, पण "हात ठेवण्याची घाई करू नकोस" हे पौलानं तीमथ्याला लिहिलंय त्याच्यासाठीच ही सगळी व्यवस्था आहे. तू उतावळा असशील तर या वाटेवर ते दिसून येतं, आणि तुझ्या हाताखाली येणाऱ्या मंडळीसाठी ते चांगलंच आहे.

या काळात कुणी तुला म्हणालं की आमच्या फेलोशिपमध्ये ये, पुढच्या रविवारी तुझा अभिषेक करतो, नावापुढं पास्टर लाव, तर नम्रपणे नाही म्हण. आणि पाळकसाहेबांशी पटत नाही म्हणून चार घरं घेऊन हॉल भाड्यानं घ्यायचा विचार मनात आला तर त्या विचाराला पाचारणाचं नाव देऊ नको.

तर आता कर काय, की तो राजीनामा फाडू नको हवं तर, पण आईच्या हातात ठेवायला दे. तिला सांग की आई, मंडळीनं पाठवल्याशिवाय आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मी हा देणार नाही. ती रडायची थांबेल का माहीत नाही, पण ती तुझ्याबरोबर प्रार्थनेला बसेल. मग या आठवड्यात पाळकसाहेबांना फोन करून वेळ माग, उपासनेनंतर गडबडीत दारात नको, घरी जाऊन निवांत बस. त्यांनी थांब म्हटलं तर किती थांबू आणि तोवर काय करू हे विचार. त्यांनी एकदम नाहीच म्हटलं तर कारण विचार, ऐकून घे, महिनाभर त्यावर प्रार्थना कर आणि परत जा. तरीही वाट बंद वाटली तर दुसऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाला भेट, पण ते तुमच्या पाळकसाहेबांना सांगून, लपवून नाही. आणि सोमवारी फर्स्ट शिफ्ट असेल तर वेळेवर जा.